तीस माणसांचे पावटे

आवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस आले की भोर-वेल्हे गाडीची फरशी दिसेनाशी होते. नसरापूर सोडलं की प्रत्येक थांब्यावर आधी चिखल चढतो आणि त्याच्या मागून बाया चढतात. डोक्यावरून प्लॅस्टिकचा कागद, हातात जेवणाचं फडकं, बोटांच्या पेरांवर पाण्याने पांढऱ्या पडलेल्या सुरकुत्या. ओल्या घोंगड्यांचा, सुकटीचा आणि नुकत्याच उपटलेल्या भाताच्या रोपांचा वास गाडीत भरतो आणि काचा बंद असल्यामुळे तो पार वेल्ह्यापर्यंत सोबत येतो. मी भोर आगारात कंडक्टर आहे. या दिवसांत एकच बोलणं माझ्या कानावर पडत असतं. "झाली का आवनी?" "न्हाई, दोन खाचरं ऱ्हायलीत." "कोन येतंय?" "येत्याल की समदी."

पावसातला हा रस्ता बघायला पुण्याहून माणसं मुद्दाम येतात. पालीच्या बाजूला, राजगडाच्या पायथ्याशी, सुट्टीच्या दिवशी मोटारींची रांग लागते. मध्येच एखादी मुलगी खिडकीतून मोबाईल बाहेर काढते आणि मला म्हणते, "ताई, तुम्ही किती नशीबवान, रोज हे सगळं बघायला मिळतं." मी हो म्हणते. प्रवाशांशी वाद घालायचा नाही असा आमच्याकडे नियम आहे. पण इथे लिहायला हरकत नाही. हा मोसम मला आवडत नाही. खाचरं हिरवी व्हायला लागली की माझ्या तोंडाची चव जाते.

गेल्या आठवड्यात विंझरच्या अलीकडे जरा रेंज आली आणि आईचा फोन वाजला. आई फोनवर कधी हॅलो म्हणत नाही, थेट विषयाला हात घालते.

"भोरातनं सुकं पावटं आन. तीस मानसांचं."

"तीस?"

"तुज्या बापाचं वरीस हाय. म्या रांधनार हाय. हितं, आपल्या चुलीवर."

तिने फोन ठेवला. एक म्हातारे बाबा हातात नोट धरून माझ्यापुढे उभे होते आणि मी त्यांना कुठलं तिकीट द्यायचं तेच विसरून गेले. तीस हा आकडा आईने सहज घेतलेला नव्हता.

आमच्या गावाचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर गाव म्हणेल, आमची बदनामी केली. नाही लिहिलं तर आसपासच्या चार गावांना वाटेल की हे आपल्याबद्दलच आहे. वाटू दे.

ज्यांनी भात फक्त ताटात पाहिलाय त्यांच्यासाठी थोडं सांगते. भाताचं रोप वाफ्यात थोडेच दिवस दम धरतं. ते जून व्हायच्या आत उपटायचं, मुठी बांधायच्या आणि खाचरात पाणी आहे तोवर एकेक काडी चिखलात रोवायची. एकट्या घराच्या हाताला हे काम आवरत नाही. म्हणून इर्जिक. आज सगळ्यांनी मिळून तुमच्या खाचरात, उद्या सगळ्यांनी माझ्या. मजुरी द्यायची नाही. ज्याचं शेत असेल त्याने दुपारी सगळ्यांना आपल्या घरचं जेवण पोटभर घालायचं, एवढंच देणं.

आम्ही बौद्ध. ओढ्याच्या अंगाला आमची चार-पाच घरं आणि प्रत्येक घराची थोडी थोडी खाचरं. आम्ही सगळ्यांच्या इर्जिकीला जायचो आणि सगळे आमच्या इर्जिकीला यायचे, हे मी मुद्दाम सांगते. आमच्या गावात असलं काही नाही, असं गाव अजूनही म्हणतं, आणि कामापुरतं ते खरंच होतं. अडचण व्हायची ती दुपारी. आमच्या इर्जिकीला यायचं म्हणजे आमच्या घरचं खायचं. यावर फार पूर्वी कुणीतरी तोडगा काढून ठेवला होता. आमच्या इर्जिकीच्या दोन दिवस आधी आई शिधा काढायची. तांदूळ, पावटे, तेल, मीठ, मिरची, लसूण, सगळं पाटीत भरून ती गावात तुळसाकाकूंच्या ओसरीवर नेऊन ठेवायची. तुळसाकाकू मराठ्यांच्या, हाताला चव असलेल्या, मनाने मोकळ्या. त्या तो शिधा आपल्या चुलीवर रांधायच्या आणि त्यांच्या घरातून जेवण आमच्या खाचरावर यायचं. धान्य आमचं, सरपणसुद्धा आमचं, चूल तेवढी त्यांची. माणसं जेवून ढेकर द्यायची आणि आईला म्हणायची, "हिराबाई, झ्याक झालं जेवान." आई म्हणायची, "जेवा, जेवा." तिने त्यातल्या एका भाकरीलाही हात लावलेला नसायचा.

चिखलात जात नसते, असं शहरातले लोक फार प्रेमाने सांगतात. खरं आहे ते. जात बांधावर बसून वाट बघत असते, माणसं हातपाय धुऊन येईपर्यंत.

माझ्या वडिलांना भोर आणि वेल्हे दोन्ही तालुके दादा म्हणायचे, म्हणून मीही दादाच म्हणायचे. नाव सुदाम. तरुणपणी ते पुण्यात एका कारखान्यात होते. कारखाना बंद पडल्यावर गावी आले ते एक सायकल आणि कायद्याची दोन पुस्तकं घेऊन. आई म्हणायची, त्यातल्या सायकलीचा तेवढा उपयोग झाला. किकवीपासून वेल्ह्याच्या वरच्या वाड्यांपर्यंत त्यांची ती सायकल फिरली. कुठे हॉटेलात आमच्या माणसांचे कप वेगळे टांगलेले, कुठे न्हावी केस कापेना, कुठे मयत न्यायची वाट कुणी ऐन पावसात काट्या टाकून बंद केलेली. निरोप आला की दादा निघायचे. लोक त्यांना वकील म्हणायचे, आदराने थोडं आणि टोमण्याने जास्त.

त्यांची एक पद्धत होती. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या घरी जाऊन आधी जेवायचं. मग ज्याने अन्याय केला त्याच्या दारात जायचं, रामराम घालायचा आणि प्यायला पाणी मागायचं. पाणी कशातून येतं, हातात देतात की खाली ठेवतात, की वरून ओततात, एवढं बघायचं. त्यावरून ते ठरवायचे की इथे ओसरीवर बसून बोलणं होईल की पोलीस चौकी गाठावी लागेल. एरवी त्यांना भाषण करताना मी फार कमी वेळा ऐकलं. पाण्याच्या त्या एका घोटात त्यांना गाव कळायचं. एका गावात त्यांना चांगला चोप बसला आणि डाव्या मनगटाचं हाड सरकलं. ते पुढे कधी नीट बसलं नाही. त्या दिवशी त्यांना घरी आणून हात बांधला तो बबनअण्णांनी, दादांचे शाळेतले मित्र, खाचराला खाचर लागून असलेले शेजारी. हेही मुद्दाम सांगते. आमच्या गावात दादांना पाणी नेहमी तांब्यातून आणि हातात मिळायचं.

त्या वर्षी मी नववीत होते. दादा दोन दिवस घरी नव्हते. पलीकडच्या एका गावात लग्नाच्या पंगतीवरून तंटा झाला होता. आमच्या माणसांना उठवून मांडवाच्या मागे बसवलं होतं. दादांनी तिथे काय केलं ते मला माहीत नाही, पण शेवटी सगळे एका रांगेत जेवले. ते आले तेव्हा चिंब भिजले होते आणि खूष होते. सायकल भिंतीला लावून आत आले, तर आई पाटी पुढे घेऊन शिधा भरत बसलेली.

"ह्ये काय?" दादा म्हणाले. जणू आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

"दर वर्साचंच. परवा आपली इर्जिक हाय न्हवं."

दादा ओल्या कपड्यांनीच खाली बसले. मग म्हणाले, "या साली शिधा द्यायचा न्हाई. हितंच रांधायचं."

"आनि खानार कोन?"

"इर्जिकीला येत्याल ती."

"न्हाई आली तर?"

"आली आनि जेवान नसलं तर?"

आईने पाटीतला लसूण बाहेर काढला, परत आत टाकला. "तुमी भाईर काय बी करून येता," ती म्हणाली. "मला हितं ऱ्हायचंय. पान्याला, सरपनाला, गावात मला जावं लागतं. तुमाला न्हाई." दादांनी तिला समजावलं नाही. उठले, पाटी उचलली आणि तांदूळ परत कणगीत ओतले. त्यांचा मला त्या क्षणी फार अभिमान वाटला होता. आईचा चेहरा मी तेव्हा बघितलाच नाही.

दुसऱ्या दिवशी ते मला बरोबर घेऊन घरोघर गेले. लपवाछपवी नको म्हणून प्रत्येक दारात तेच वाक्य बोलले. "उद्या आमची इर्जिक हाय. या साली जेवान आमच्या घरात हाय, हिराच्या हातचं." मी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होते. कुणी दचकलं नाही, कुणी नजर चुकवली नाही, कुणाच्या कपाळाला आठी पडली नाही. सगळ्यांनी एकच उत्तर दिलं. येतो की. बबनअण्णा तर हसले. "आरं सुदाम, तुज्याकडं याला मला आवतान लागतंय व्हय? येतो की." त्यांच्या ओसरीवर आम्हाला चहा मिळाला, दादांना आणि मला, कपबशीतून. परत येताना दादा म्हणाले, "बघितलंस? मानसं वाईट नसत्यात. कुनी तरी बोलायला लागतं, येवढंच."

दादांनी तीस माणसं धरली. तीस माणसं यायची म्हणून आम्ही आणि वाडीतल्या काका-काकूंनी मिळून त्या दिवशी अख्ख्या वाफ्यातलं रोप उपटून ठेवलं. मुठी बांधून सगळ्या खाचरांतून टाकल्या, म्हणजे सकाळी आलेल्या माणसांना उभ्या उभ्या हाताशी लागाव्यात. शेत करणाऱ्याला यातली मेख लगेच कळेल. एकदा उपटलेलं रोप परत वाफ्यात जात नाही.

दिवस उजाडला तसा आईने चुलीवर मोठं पातेलं चढवलं. सरपण ओलं होतं, घर धुराने भरलं. पावट्याची आमटी, भात, तांदळाच्या भाकऱ्या, लसणाची चटणी. शिधा देऊन देऊन तिला एवढ्या माणसांचा अंदाज राहिला नव्हता, तरी जेवण चांगलं झालं होतं. मी बांधावरून बघत होते. काका-काकू आले. दादा त्या वाकड्या मनगटाने रोपं रोवत होते आणि दर थोड्या वेळाने मान वर करून गावाच्या वाटेकडे बघत होते. मग त्यांनी बघणं सोडून दिलं. शेजारच्या खाचरात बबनअण्णांच्या घरची माणसं शिरली. त्यांची आवणी त्या दिवशी नव्हती. त्यांच्यामागून गावातली आणखी माणसं आली, रोजची, आमच्याकडे यायची तीच. ती सगळी त्या खाचरात वाकली आणि काम करू लागली. मधला बांध हातभर रुंद होता. कुणी आमच्याकडे पाठ केली नाही. कुणीतरी तिकडून हाक मारून विचारलं, "कसं चाललंय, दादा?" दादा म्हणाले, "चाललंय."

दुपारी बबनअण्णा बांधापर्यंत आले. "येनारच हुतो रं," ते म्हणाले, "पर घरच्यांनी आमचंच काडलं. येतो की उद्या."

काका दुपारच्या जेवणानंतर निघाले. त्यांनी जाताना दादांना जे सांगितलं ते मी ऐकलं. "उद्या आमाला बी मानसं लागत्यात, सुदाम. शिधा दिला आस्तास तर काय झिजला आस्तास?" दादांनी आयुष्यात शिव्या खाल्ल्या, मार खाल्ला, त्यांच्या सायकलचे टायर कुणी कुणी किती वेळा फाडले याची गणती नाही. पण ते गप्प उभे राहिलेले मी त्या एकाच वेळी पाहिले. काका काही खोटं बोलत नव्हते. आणि तेच वाईट होतं.

संध्याकाळी परसातल्या वाटेने तुळसाकाकू आल्या. पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला. दाराबाहेरच उभ्या राहिल्या. मला वाटलं, दिलासा द्यायला आल्या. पण त्या भांडायलाच आल्या होत्या.

"हिरा, माज्याकडं का न्हाई आनलंस गं? म्या कदी न्हाई म्हनलं? येवडी वर्सं रांधून दिलं, कदी मीठ कमी पडू दिलं का? माजं काय चुकलं त्ये तरी सांग."

त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. त्यांना वाटत होतं की आम्ही त्यांचा अपमान केला. आई आत गेली आणि एका ताटात भाकरी, आमटी, चटणी वाढून घेऊन आली. "घ्या वयनी. दोन घास खा. मीठ बगा बरं कसं झालंय."

तुळसाकाकूंनी ताटाकडे पाहिलं. "आज उपास हाय गं मला," त्या म्हणाल्या.

बुधवार होता. बुधवारी उपास करणारी बाई मी आमच्या पंचक्रोशीत दुसरी पाहिलेली नाही. आईने ताट मागे घेतलं आणि तेच ताट घेऊन चुलीपुढे बसून स्वतः जेवली. पुढचे दोन दिवस आम्ही तेच खाल्लं. आमटी आंबली तेव्हा भाकऱ्या जनावरांना घातल्या. तुळसाकाकू आता नाहीत. त्या गेल्या तेव्हा आई त्यांच्या तेराव्याला जेवून आली, आणि आल्यावर म्हणाली, जेवण झ्याक झालं होतं.

राहिलेल्या मुठी खाचरातल्या पाण्यात पडून होत्या. आम्ही तिघांनी जमेल तेवढं लावलं. आई दिवसभर वाकलेली असायची आणि उठताना गुडघ्यावर हात ठेवून थोडी थोडी उठायची. मी शाळा बुडवली. तरी रोपं आमच्या हातांपेक्षा फार जास्त होती. ती आधी पिवळी पडली, मग मुळांना वास यायला लागला. आमची वरची खाचरं मोकळी राहिली आणि त्यात नुसतं तण माजलं. चारी बाजूंनी सगळ्यांचं भात तरारलेलं आणि मध्ये आमचे ते पट्टे, रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीला दिसायचे. त्या वर्षी घरचा तांदूळ किती दिवस पुरला ते सांगत बसत नाही.

आणि तक्रार कुणाची करायची? ज्या माणसाने दोन तालुक्यांतल्या लोकांना तक्रार करायला शिकवलं, तो कचेरीत जाऊन बसला. आतला अधिकारी चांगला होता, दादांना ओळखणारा. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "नकार कुणी दिला? नाव सांगा."

"नकार कुनीच दिला न्हाई, साहेब."

"मग काय म्हणाले?"

"येतो म्हनाले."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "सुदामराव, 'येतो' म्हणणाऱ्यावर मी काय करू?" दादा घरी आले आणि त्यांनी हे आम्हाला जसंच्या तसं सांगितलं, अगदी साहेबांच्या आवाजात. आई हसली. त्या सबंध मोसमात ती हसलेली मला तेवढीच आठवते, आणि ते हसणं काही चांगलं नव्हतं.

मी पुष्कळ विचार केलाय यावर. भोर ते वेल्हे गाडी रमतगमत जाते, विचाराला वेळ मिळतो. दवंडी पिटून वाळीत टाकणाऱ्या गावांशी दादा लढले आणि जिंकले. तिथे समोर माणूस होता, त्याच्या तोंडात शिवी होती, हातात काठी होती. आमच्या गावाने त्यांना चहा दिला, हालहवाल विचारली, मनगटाला हळद लावली. दुसऱ्या दिवसापासून सगळं पूर्वीसारखं. निवडणुकीत मत मागायला आले, लग्नाच्या पत्रिका आल्या, बबनअण्णांच्या म्हशीला औषध द्यायला दादाच गेले. गावाला वाटलं, एक वर्ष चुकलं, पुढच्या वर्षी हिराबाई शिधा आणेल, झालं. कुणाच्या मनात राग नव्हता. राग असता तर मला गावाला माफ करणं जमलं असतं.

शिधा परत गेला नाही आणि इर्जिकही परत झाली नाही. दादा पुन्हा गावोगाव फिरू लागले, पूर्वीपेक्षा जास्त. माणसं त्यांना हार घालायची. त्यांच्यामुळे कुठे वाट मोकळी झाली, कुठे पाणवठा, कुठे एका पोरीला न्याय मिळाला, आणि ते खरंच मोठं काम होतं, मी ते कमी लेखत नाही. पण ते हार घालून घेत फिरायचे तेव्हा आई आणि मी खाचरात असायचो. जमेल तेवढं लावायचं, उरलेलं पडीक ठेवायचं. आईची कंबर त्या वर्षी जी धरली ती धरलीच. आजही ती फळीला धरून उठते. एकदा कुणी पत्रकार आले होते. त्यांनी आईला विचारलं, दादांच्या लढ्यात तुमचा वाटा काय? आई म्हणाली, "माजी कंबर." त्यांनी ते छापलं नाही.

आता आमच्या गावात इर्जिक कुणीच करत नाही. मजूर घाटाखालून टेम्पोत बसून येतात, मजुरी घेऊन जातात. वेल्हे तालुक्याचं नावसुद्धा कागदावर आता राजगड झालंय, पाट्या बदलल्या. नावं बदलायला वेळ लागत नाही. बबनअण्णांच्या पोरांनी रस्त्यालगतची खाचरं पुण्याच्या एका माणसाला विकली. त्याने तिथे झोपड्या बांधून फाटकावर मोठी पाटी लावली आहे, 'इर्जिक अनुभवा'. या दिवसांत माणसं पैसे देऊन येतात, गमबूट घालतात, दोन ओळी लावतात, फोटो काढतात आणि चुलीवरचं गावरान जेवतात. जेवण रांधते माझी चुलतवहिनी, त्याच काकांची सून. गावातली पोरं तिथे कामाला आहेत, तीही दुपारी तिच्या हातचं जेवतात. कुणाला काही वाटत नाही, कारण चूल मालकाची आहे. माझी गाडी त्या पाटीसमोर थांबते तेव्हा मी घंटी जरा लवकर मारते.

दादा गेल्या वर्षी ऐन आवणीत गेले. घरातच, बसल्या जागी. दोन्ही तालुक्यांतून माणसं आली. पावसात भिजत उभी राहिली. काही दिवसांनी आम्ही घरापुढे मांडव घालून शोकसभा घेतली. वंदना झाली, मग भाषणं. सरपंच म्हणाले, दादा म्हणजे गावाचं भूषण. बबनअण्णांना उभं राहवत नव्हतं, तरी माईक हातात घेऊन ते रडले. एवढ्या माणसांचं जेवण घरी करणं शक्य नव्हतं, आणि आता कुणी करतही नाही, म्हणून मी भोरच्या एका केटररला सांगितलं होतं. त्याची माणसं टेम्पोतून शेगड्या, भांडी, सगळं घेऊन आली. आमच्या दारात, आमच्या मांडवात, गाव पंगतीला बसलं. बबनअण्णा बसले, सरपंच बसले, इर्जिकीच्या त्या दिवशी पलीकडच्या खाचरात वाकलेले सगळे बसले. आमच्या माणसांच्या मांडीला मांडी लावून जेवले, भात मागून घेतला. मी वाढत होते आणि माझ्या डोळ्यांना धार लागली होती. मला वाटलं, झालं. दादांना बघायला मिळालं नाही, पण झालं.

सगळे गेल्यावर मी आईजवळ जाऊन बसले. म्हटलं, "बघितलंस? सगळं गाव आपल्या घरी जेवलं."

आई टेम्पोत भांडी चढवणाऱ्या पोरांकडे बघत होती.

"चूल कुनाची हुती?" ती म्हणाली.

टेम्पो निघून गेला. आमच्या घरातली चूल त्या दिवशी पेटलीच नव्हती, चहासुद्धा केटररनेच केला होता. आम्ही पैसे मोजून शिधाच दिला होता, फक्त या वेळी तुळसाकाकूंऐवजी भोरला.

म्हणून या वर्षी आईला तीस माणसांचे पावटे हवे होते. मी त्या दिवसाची रजा टाकली. वेल्ह्याच्या स्टँडवर गाडी लागली असताना मी एकेकाला फोन केले, आणि दादांनी सांगितलं होतं तसंच सांगितलं, आडपडदा न ठेवता. दादांचं वर्ष आहे, जेवण घरी आहे, केटरर नाही, आईच्या हातचं आहे. प्रत्येक वेळी पलीकडे थोडं थांबल्यासारखं झालं की मलाच तसं वाटलं, सांगता येत नाही. सरपंच म्हणाले, "ताई, सांगायला पायजे का? येतो की." दुसरे म्हणाले, "येतो की." तिसऱ्याची बायको म्हणाली, "येत्याल की ते, सांगते." बबनअण्णांना आता कमी ऐकू येतं, मोठ्याने बोलावं लागलं. अख्ख्या स्टँडला ऐकू गेलं असेल. ते हसले, अगदी तसेच. "आगं पोरी, तुज्या बापाच्या वरसाला मला आवतान लागतंय व्हय? येतो की."

संध्याकाळी पिशवी घेऊन घरी पोहोचले. पाऊस लागून राहिला होता. आईने पावटे सुपात ओतले आणि दाराच्या उजेडात निवडायला बसली. मी पाण्याचं पातेलं आणून तिच्यापुढे ठेवलं.

"केलंस समद्यांना फोन?"

"केले."

"काय म्हनले?"

"येतो म्हणाले."

"समदी?"

"सगळी."

"न्हाई कुनीच म्हनलं न्हाई?"

"कुणीच नाही."

आईने सूप थांबवलं. निवडलेल्या पावट्यांतली एक ओंजळ उचलून पातेल्यात टाकली, आणि बाकीचे परत पिशवीत भरायला माझ्याकडे सरकवले.

"मग आपल्यापुरतंच भिजव," ती म्हणाली.